लॅपटॉप जुना झाला, हे ठरवायचे कोणी?

२२ मिलिमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर लांब अशी एक पट्टी गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटात एका बारीक स्क्रूवर बसलेली असते. तिला दोन तारा जोडलेल्या असतात. त्या बिजागरीतून वर जातात आणि स्क्रीनच्या कडेला लपवलेल्या अँटेनांपर्यंत पोचतात. हे वाय-फाय कार्ड, ब्लूटूथही त्यातच. लॅपटॉपमधल्या स्वस्त भागांपैकी हा एक, आणि विकत घेताना ज्याची चौकशी कोणीच करत नाही असा. पुढे घरात फायबर येते, ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला जातो. मुलीच्या फोनवर वेग अडीचशे दिसतो आणि त्याच खोलीतल्या लॅपटॉपवर चाळीस. मग इंटरनेटवाल्याला फोन होतो, राउटर चार वेळा बंद-चालू होतो, आणि शेवटी येणारा माणूस निदान करून जातो: ‘लॅपटॉप जुना झालाय, नवीन घेऊन टाका.’

निदान अर्धेच खरे असते. जुनी झालेली असते ती पट्टी. साधारण २०१५ ते २०१८ या काळात आपल्याकडे तीस-पस्तीस हजारांत विकल्या गेलेल्या कित्येक लॅपटॉपमध्ये फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे, एका अँटेनाचे ‘एन’ पिढीचे कार्ड होते. कागदावर त्याचा कमाल वेग १५० एमबीपीएस. हाती लागतो त्याचा तिसरा हिस्सा, तोही शेजारी झोपले असतील तर. कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, आणि इमारतीतल्या सगळ्या घरांचे राउटर त्या तिघांत कोंबलेले. फोन ५ गिगाहर्ट्झवरून जातो म्हणून सुसाट जातो. लॅपटॉपला ते नेटवर्क यादीत दिसतसुद्धा नाही.

इंटेलचे एएक्स२१० हे कार्ड दीड-दोन हजार रुपयांच्या आसपास मिळते. ते बसवले की त्याच जुन्या लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झ दिसू लागते आणि ब्लूटूथ ५.२ मिळते. दोन इअरफोन, कीबोर्ड, माउस असे सगळे एकदम जोडले तरी आवाज तुटेनासा होतो. पाठचे झाकण उघडणे, एक स्क्रू काढणे, दोन तारा अलगद उचलून नव्या कार्डावर दाबणे, एवढेच काम. अर्थात खाचखळगे आहेत. याच कार्डाची भावंडे एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला जवळपास तशीच, पण त्यांचे अर्धे काम इंटेलच्या ठरावीक नव्या प्रोसेसरमध्ये होते. जुन्या मशीनमध्ये ती मेल्यासारखी पडून राहतात. दुकानदाराला हे ठाऊक असेलच असे नाही. ज्या लॅपटॉपमध्ये मुळात एकच अँटेना घातलेली असते त्यात दुसरी बसवल्याशिवाय पूर्ण वेग मिळत नाही. आणि विंडोज ७ वर अडून बसलेल्यांसाठी या कार्डाचा ड्रायव्हरच निघालेला नाही. तरीही दोन हजार रुपये आणि अर्धा तास खर्चून पन्नास हजारांची खरेदी दोन-चार वर्षे पुढे ढकलता येत असेल, तर सौदा वाईट नाही.

पण कार्ड बसते आणि चालू शकते, एवढ्यावर भागत नाही. ते चालू द्यायचे की नाही हे ठरवणारे आणखी कोणीतरी असते. या बाबतीत अ‍ॅपलची एक जुनी कथा फार बोलकी आहे.

अ‍ॅपलने २०१४ मध्ये ‘हँडऑफ’ नावाची सोय आणली. आयफोनवर अर्धवट राहिलेला मेल मॅकवर तिथूनच पुढे लिहिता येऊ लागला. त्या ऑक्टोबरमध्ये आलेली योसेमिटी ही प्रणाली २०११च्या मॅकबुक प्रोवर व्यवस्थित चालत होती. हँडऑफ मात्र चालत नव्हते. त्याला ब्लूटूथ ४.० हवे होते आणि त्या यंत्रात होते २.१. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. मग हौशी मंडळींनी २०१२च्या मॉडेलमधले ब्रॉडकॉमचे कार्ड मिळवले. ते २०११च्या यंत्रात त्याच जागी चपखल बसले आणि ब्लूटूथ ४.० सुरूही झाले. हँडऑफ तरी बंदच! प्रणालीच्या पोटात अ‍ॅपलने मॉडेलांची यादी ठेवली होती आणि २०११चे मॅकबुक प्रो त्या यादीत बसत नव्हते. अखेर एका प्रोग्रॅमरने फुकट स्क्रिप्ट लिहून ती यादी बाजूला सारली, तेव्हा फोनवरचा मेल जुन्या मॅकवर उघडला. यातला खरा विनोद २०११च्या मॅकबुक एअरचा आहे. त्यात कारखान्यातूनच ब्लूटूथ ४.० आलेले होते, म्हणजे एक स्क्रूही फिरवायची गरज नव्हती. त्यालाही हँडऑफ नाकारले गेले, आणि स्क्रिप्ट चालवल्यावर त्याच यंत्रावर ते सुरू झाले.

विंडोजच्या जगातही अशा याद्या होत्या. लेनोव्होचे थिंकपॅड एक्स२२० आणि एक्स२३० हे २०११-१२ चे लॅपटॉप आजही लोक हौसेने वापरतात; कंपन्यांनी मोडीत काढलेली ही दणकट यंत्रे सेकंडहँड बाजारात अजून फिरतात. त्यात कंपनीच्या यादीबाहेरचे वाय-फाय कार्ड घातले की लॅपटॉप सुरूच होत नसे. काळ्या पडद्यावर ‘१८०२’ हा क्रमांक आणि अनधिकृत नेटवर्क कार्ड काढून टाका अशी आज्ञा. एचपीच्या अनेक जुन्या मॉडेलांत हाच नकार ‘१०४’ क्रमांकाने येई. याचे समर्थन असे दिले जाई की रेडिओ आणि अँटेना यांना अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाची मान्यता एकत्रित मिळते, त्यामुळे जोडी बदलली की मान्यता गेली. युक्तिवाद पूर्णपणे पोकळ नाही. पण त्याच लॅपटॉपला यूएसबीवर चालणारे वाय-फाय डोंगल लावले तर कोणाचीच हरकत नव्हती. शिवाय लोकांनी बायोस बदलून यादी उडवली आणि त्यातून आकाश काही कोसळले नाही. थिंकपॅडच्या पुढच्या पिढ्यांत ही आडकाठी दिसेनाशी झाली.

तिसरी यादी मायक्रोसॉफ्टची, आणि तिचा फटका सर्वांत मोठा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि मान्य प्रोसेसरच्या यादीत नाव, अशा दोन्ही अटी आहेत. ही यादी इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीपासून सुरू होते, म्हणजे साधारण २०१७च्या अखेरीपासून. सातव्या पिढीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये टीपीएम २.० प्रोसेसरच्या फर्मवेअरमध्येच असते, बायोसमध्ये जाऊन फक्त चालू करायचे असते. तरी ते बाहेर. कारण म्हणून मायक्रोसॉफ्टने आकडा दिला: अटी न पाळणाऱ्या यंत्रांवर चाचणीच्या काळात प्रणालीच्या गाभ्यात ५२ टक्के जास्त बिघाड झाले. आकडा खरा धरू. पण मग सातव्या पिढीतलाच ७८२०एचक्यू हा प्रोसेसर यादीत कसा आला? तो मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २ मध्ये होता आणि विंडोज ११ जाहीर झाले तेव्हा ते महागडे यंत्र कंपनी अजून विकत होती. नियम तांत्रिक असतो तेव्हा तो मालकाच्या घरापाशी येऊन वाकत नाही.

यादीबाहेर पडलेल्यांना एक वर्षाची मुदत आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट पैसे न देता मिळतात. त्यानंतर काय, याला ‘लिनक्स टाका’ हे उत्तर तयारच असते. ब्राउझर, मेल आणि चित्रपट एवढेच काम असणाऱ्या घरात ते उत्तर चांगलेही आहे. लिनक्स मिंट चार जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर चालते आणि मराठी टायपिंगचे इनस्क्रिप्ट त्यात असतेच. पण तालुक्याच्या गावात लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकाची पाने लावणाऱ्या माणसाला हे सांगून पाहावे. त्याचे सगळे काम श्री-लिपीच्या फाँटमध्ये आणि पेजमेकरच्या फायलींत अडकलेले असते, आणि ते विंडोजवर चालते. हिशेब लिहिणाऱ्याचे टॅलीही तसेच. अशांसाठी जुना लॅपटॉप म्हणजे पोटापाण्याचे साधन, आणि त्याला यादीबाहेर काढणे म्हणजे पन्नास हजारांची पावती हातात देणे.

याद्यांच्या बाहेर मात्र जुन्या लॅपटॉपला नवे बळ देण्याचे मार्ग भरपूर आहेत. सर्वांत पहिला आणि सर्वांत फायद्याचा म्हणजे हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकणे. जुनी डिस्क मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एका फेरीला ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबायचे आणि त्याआधी सुई योग्य वर्तुळावर न्यायची. असे शोध तिला सेकंदाला शंभरभरसुद्धा जमत नाहीत. साध्या सॅटा एसएसडीला ते हजारोंनी जमतात. विंडोज चालू होताना असेच असंख्य छोटे तुकडे शोधत असते, म्हणून तेच यंत्र चहा होईपर्यंत थांबायला लावत होते ते पंधरा-वीस सेकंदांत तयार होते. २०१८-१९च्या कित्येक स्वस्त मॉडेलांत एक टीबीच्या डिस्कबरोबरच एम.२ चा स्लॉट रिकामा असतो. मालकाला तो कधी कळलेला नसतो. त्या स्लॉटला सॅटा चालते की एनव्हीएमई, एवढे मॉडेल क्रमांकावरून आधी पाहून घ्यावे. खोच सारखी दिसते म्हणून चालेलच असे नाही.

रॅमचेही तसेच. चारचे आठ केले की ब्राउझरचे दहा टॅब उघडे ठेवता येतात. फक्त व्होल्टेज पाहायचे: डीडीआर३ दीड व्होल्टवर चालते, डीडीआर३एल १.३५ वर, आणि २०१५-१६च्या काही लॅपटॉपना फक्त दुसरेच चालते. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलेल्याने जुनी रॅम काढून सोबत न्यावी हे बरे.

पडदाही बदलता येतो, हे कमी लोकांना माहीत असते. १३६६ बाय ७६८ चा फिका, बाजूने पाहिले की रंग उलटे दिसणारा पडदा काढून त्याच मापाचा फुल एचडी आयपीएस पॅनेल पुष्कळ मॉडेलांत बसतो, केबल तीस पिनची ईडीपी असेल आणि कंस जुळत असतील तर. दिवसभर एक्सेल पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हा बदल रॅमपेक्षा जास्त जाणवेल.

आता जे होत नाही ते. लॅपटॉपचा इंटेल प्रोसेसर हेसवेल म्हणजे चौथ्या पिढीपर्यंत काही मॉडेलांत सॉकेटमध्ये बसलेला असे; पाचव्या पिढीपासून तो बोर्डावरच सोल्डर केलेला येतो. ग्राफिक्सही तसेच. त्यामुळे एव्ही१ प्रकारचा व्हिडिओ हार्डवेअरमध्ये उलगडण्याची क्षमता, जी इंटेलमध्ये अकराव्या पिढीपासून आली, ती कार्ड घालून आणता येत नाही. जुन्या लॅपटॉपवर यूट्यूबचा मोठा व्हिडिओ लावला की पंखा का घोंघावतो त्याचे एक कारण हे. ‘कोपायलट प्लस’ नावाने विकल्या जाणाऱ्या लॅपटॉपना सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारे एनपीयू लागते, तेही बाहेरून बसत नाही. (त्याची घरात कोणाला निकड भासते आहे, हा वेगळा प्रश्न.) आणि बॅटरी फुगलेली, बिजागरी तुटलेली, मदरबोर्ड एकदा दुरुस्त झालेला अशा यंत्रावर खर्च करू नये. चांगला मेकॅनिक हे तोंडावर सांगतो.

चिंता आहे ती पुढची. आज कपाटातला २०१६चा लॅपटॉप उघडून त्यात रॅम टाकता येते. आज घेतलेला लॅपटॉप २०३५ मध्ये उघडला तर बदलण्यासारखे काय सापडेल? २०१२च्या जूनमध्ये अ‍ॅपलने रेटिना मॅकबुक प्रो काढला, त्यात रॅम बोर्डावर सोल्डर केलेली होती. तेव्हा टीका झाली. मग एकेक करून सगळ्यांनी तोच कित्ता गिरवला. कंपन्यांचे म्हणणे असे की एलपीडीडीआर जातीची रॅम वीज कमी खाते, यंत्र पातळ होते, आणि इतक्या वेगाने सिग्नल न्यायचे तर स्लॉटचे अंतर परवडत नाही. यात तथ्य आहे. सुटे भाग बदलता यावेत हेच ब्रीद घेऊन २०२१ पासून लॅपटॉप विकणाऱ्या फ्रेमवर्क या अमेरिकी कंपनीलाही २०२५ मध्ये आपल्या एका डेस्कटॉपमध्ये एएमडीच्या चिपसाठी सोल्डर केलेली रॅम स्वीकारावी लागली. पण उपायही निघाला आहे. सीएएमएम२ नावाचा स्क्रूने बसणारा चपटा रॅम-तुकडा २०२३च्या डिसेंबरमध्ये प्रमाणित झाला, आणि त्याचा कमी वीज खाणारा प्रकार २०२४ मध्ये थिंकपॅड पी१ मध्ये आलासुद्धा. म्हणजे तंत्र तयार आहे. ते महागड्या वर्कस्टेशनमधून पन्नास हजारांच्या लॅपटॉपमध्ये उतरवण्याची घाई कोणाला नाही, कारण रॅम वाढवता न येणारा लॅपटॉप लवकर बदलावा लागतो.

त्यात बाजारही फिरला. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून २०२५च्या उत्तरार्धात रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने आपला ‘क्रूशियल’ हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. घरी बसून रॅम बदलणाऱ्यांच्या पिढीला हेच नाव पाठ होते. ज्यांना रॅम वाढवायची आहे त्यांनी सेकंडहँड चांगल्या कंपनीची डीडीआर४ शोधावी. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेली रॅम सहसा व्यवस्थित चालते, आणि ती तपासायला मेमटेस्ट हा प्रोग्रॅम फुकट आहे.

सरकारच्या पातळीवर काहीच हालचाल नाही असे नव्हे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केले. पुढे वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे याचा निर्देशांक ठरवायला दुसरी समिती बसली आणि तिचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. प्राधान्य मिळाले स्मार्टफोन आणि टॅबलेटला. लॅपटॉप मागच्या बाकावर. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दुकानातल्या लॅपटॉपवर दुरुस्तीचे दहापैकी गुण लावावे लागतात, त्यामुळे गिऱ्हाइकाला खरेदीच्या क्षणीच कळते. जगात २०२२ या एका वर्षात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या जेमतेम २२ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. सर्वाधिक ई-कचरा करणाऱ्या देशांत भारत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ उभा आहे. लॅपटॉपच्या एकूण कार्बन-भाराचा मोठा वाटा तो बनवण्यात खर्च होतो, वापरण्यात नव्हे. तेव्हा दोन हजारांच्या कार्डाने तीन वर्षे वाढवणे ही कंजुषी समजू नये.

निर्देशांक आणायचाच तर त्यात लॅपटॉप घ्यावा, आणि दुरुस्तीबरोबर वाढीचीही नोंद असावी. रॅम सोल्डर केलेली आहे की स्लॉटमध्ये, एम.२ चे स्लॉट किती, वाय-फाय कार्ड निघते का, आणि बायोसमध्ये कोणती यादी दडलेली आहे का, या चार ओळी खोक्यावर छापायला कंपनीला काहीही खर्च येत नाही. तोवर हे प्रश्न गिऱ्हाइकाने स्वतः विचारायचे. दुकानदाराने ‘रॅम वाढत नाही’ असे सांगितले, तर आठ जीबीचे मॉडेल खाली ठेवून सोळाचे घ्यावे. आणि त्याला उत्तरच ठाऊक नसेल, तर पैसे देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल शोधावे. पुष्कळ मॉडेलांचे ते उपलब्ध असते, आणि कोणता भाग स्क्रूने बसवला आहे व कोणता सोल्डरने, हे त्यात चित्रासह दिलेले असते.